बेटावर राहिलेल्या तीन जाळ्या

मलकापूरला गाडीतून उतरले आणि घरी जायच्या आधी सरांना फोन लावला. सर म्हणजे आमच्या कासव-प्रकल्पाचे प्रमुख. ते पुण्यात बसतात. 'मीटिंगमध्ये आहे' एवढाच मेसेज आला. मला फक्त विचारायचं होतं, बेटावर माणूस पोचला का?

माणूस कशाला, ते सांगते. यंदाचा अख्खा सीझन मी अंदमानकडच्या एका निर्मनुष्य बेटावर काढला. कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर अंडी घालून निघून जाते. ती अंडी घोरपडी उकरून खातात. म्हणून आम्ही ती उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुन्हा पुरतो. याला हॅचरी म्हणतात. प्रत्येक खड्ड्यावर तारेची गोल जाळी असते. पिल्लं रात्री वर येतात, जाळीत अडकून राहतात, मग आम्ही ती मोजून समुद्रात सोडतो. सोडायला कोणी नसेल, तर सकाळच्या उन्हातच ती संपतात.

कॅम्प गुंडाळला तेव्हा तीन खड्ड्यांतली अंडी फुटायची बाकी होती. मी एकटी थांबायला तयार होते. सर सॅटेलाइट फोनवर म्हणाले, "बोट बुक आहे. सीझन क्लोज झालाय. मी उद्याच वॉचर पाठवतो."

"मग कुंपण उघडून जाळ्या काढून येऊ का?"

"नको, घोरपडी एक पिल्लू ठेवणार नाहीत. जाळ्या राहू देत."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. राहू दिल्या.

घरी गच्चीवर कुरडयांचा घाट चालला होता. आईने मला पाहिलं आणि सोऱ्या तसाच खाली ठेवला.

"काऊन वं, इतकी काळी पडली? खायले देत नव्हते का तुले?"

वहिनी हसली. "ताई समुद्रावर फिरून आल्या. मजा हाय बॉ त्याइची!"

मला हसू येईना. इतके महिने चार माणसांत राहिलेली मी. इथे सगळे एकदम बोलत होते आणि मला प्रत्येकाचा राग येत होता. बिचाऱ्यांचा काय दोष? मी एका हाताने सोऱ्या फिरवत होते, दुसऱ्याने फोन. दुपारी सर सापडले.

"सर, वॉचर गेला?"

"अगं वैशाली, घरी पोचलीस ना? रेस्ट घे."

"गेला का, सर?"

"बोटीचं डिझेल सँक्शन व्हायचंय. एक-दोन दिवस जातील. तू आता फील्डवर नाहीस, जरा डीटॅच हो."

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "कोनी मेलं का वं?"

"नाई अजून."

"मंग हात चालव. ऊन कडक हाये, आजच्या आज वाळतीन."

मी खाली जाऊन अंदमानच्या वनखात्याच्या ऑफिसला फोन केला. साहेब सुट्टीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. बोट दुसऱ्या कामाला गेलेली. शेजारच्या काकू मोती आणलेत का विचारून गेल्या. मी नाही म्हटलं तर त्यांना ते खरं वाटेना.

वॉचर शेवटी गेला. परत बंदरावर आल्यावर त्यानेच फोन केला. "मॅडम, तीनों फूटे थे. बच्चे सब जाली से चिपक के सूख गए."

पिल्लू अंड्यातून निघालं की पाण्याकडेच चालतं. म्हणजे सगळी समुद्राच्या बाजूच्या तारेला लागलेली असणार. ते मला विचारावं लागलं नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

सरांना कळवलं.

"सॅड," ते म्हणाले. "पण सीझन एकूण एक्सलंट गेलाय. शेवटचे तीन आपण रिपोर्टमध्ये अनमॉनिटर्ड दाखवू."

"सर, जाळ्या काढल्या असत्या तर घोरपडींच्या तावडीतून चार तरी सुटली असती. आपण एकही सुटू दिलं नाही."

"तू थकलीयेस."

हो, थकले होते. या माणसाला.

पुढच्या सीझनसाठी त्यांनी विचारलं तेव्हा मी एकच अट घातली. शेवटचा खड्डा फुटेपर्यंत मी बेट सोडणार नाही. मग माझ्या जागी दुसरं कोणी जातंय, असं कानावर आलं.

जो कोणी जाईल त्याने एवढं करावं. जाळी लावायच्या आधी ती काढायला कोण येणार, त्याचं नाव विचारावं. 'पाठवतो' हे कोणाचं नाव नसतं.