सायकलचं चालान आणि माझा उज्र

आधी हातातले चहाचे कप खाली ठेवा बरं! ही हकीकत ऐकताना भल्याभल्यांच्या नाकातून चहा आलाय, आणि मग माझ्याच सदऱ्यावर डाग पडतात. असा गाढवपणा अख्ख्या ग्वाल्हेरात दुसऱ्या कुणी केला नसेल. आणि मी केला तो कुठं? साहेबापुढं, हात जोडून, पाठ केलेल्या हिंदीत!

तो काळ आठवतो ना? मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, हे पक्कं झालं होतं. आमचं लश्कर, म्हणजे ग्वाल्हेरचं मुख्य शहर, आधी दरबाराची राजधानी, मग इंदूरशी वाटून घेतलेली अर्ध्या वर्षाची राजधानी, आणि आता? काहीच नाही! कचेऱ्यांत दप्तरं बांधली जात होती. कोण भोपाळला जाणार, कोण राहणार, याच्या अफवांवर लोक जेवत होते, झोपत होते.

मी तेव्हा शिक्षण खात्यात टायपिस्ट. भोपाळला जाणाऱ्यांत माझं नाव पहिल्या फेरीत आलं नव्हतं, दुसरी फेरी व्हायची होती. मी तर टाइपरायटरसुद्धा हळू बडवायचो. आवाजानं कुणाचं लक्ष माझ्याकडे जायला नको!

कारण घरी होती कमल. लग्न नवीन, दाना ओलीतल्या दोन खोल्या मोठ्या मुश्किलीनं मिळालेल्या, आणि तिला नुकतीच मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून जागा लागलेली. तिनं सांगूनच टाकलं होतं, "भोपाळला जायचं तर तुम्ही जा. मी माझी शाळा सोडून येणार नाही."

तर अशा दिवसांत मी टोपी बाजारात गेलो. मेव्हण्याची मुंज होती आणि जावयाच्या डोक्यावर नवी टोपी हवी, असा सासूबाईंचा हुकूम. माझं डोकं मोठं. बाहेरून म्हणतोय मी, आतून किती ते पुढं कळेलच. दुकानदार एकेक टोपी चढवतोय, ती वर तरंगतेय, तो दुसरी काढतोय. सायकल बाहेर खांबाला टेकवलेली. अखेर एक टोपी बसली. ऐटीत बाहेर येतो तो काय! माझ्या सायकलच्या सीटवर हात ठेवून शिपाई उभा! आणि त्याच खांबावर पाटी, 'यहाँ गाड़ी खड़ी न करें'.

"ये किसकी है?"

आता मला सांगा, शहाण्या माणसानं काय करावं? 'भैया, गलती हो गई' म्हणावं आणि चालू पडावं. मी काय केलं? छाती काढली आणि म्हणालो, "मेरी है. मैं सरकारी नौकर हूँ!"

"अच्छा?" शिपाई खूश झाला. "तो महकमा भी लिखवा दीजिए."

झालं! चालानावर माझ्या नावापुढं शिक्षण खातं चढलं. पेशी, म्हणजे सुनावणी, सोमवारी, कोर्टाच्या कचेरीत.

घरी पोचेपर्यंत मी सगळा हिशेब मांडला होता. कोर्टातून खात्याला कळणार, खातं म्हणणार, हा कोण गुन्हेगार? काढा याला, नाहीतर धाडा भोपाळला! जेवण उतरेना. कमल म्हणाली, "अहो, सायकलच तर उभी केली होती. चुपचाप कबूल करा आणि दंड भरून मोकळे व्हा."

"कबूल? म्हणजे गुन्हा शाबीत! उद्या माझ्या नोकरीवर डाग!"

"मग मामांना विचारा," ती वैतागून म्हणाली. बिचारीला काय ठाऊक, तिनं कुठली आग लावली ते.

आमचे नानामामा दरबारच्या काळात कोर्टात पेशकार होते. हाकिमाच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या, बाजूला बसून लोकांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. पण पेन्शनीत गेल्यापासून निकाल आपणच देत होतो, अशा थाटात बोलायचे.

"उज्र कर!" मामा गरजले. "हरकत म्हणत बसू नकोस, कोर्टात शब्द चालतो उज्र! छाती ठोकून म्हण, मुझे उज्र है!"

"पण मामा, पाटीखालीच होती हो सायकल..."

"चूप! सायकल हा शब्द तोंडातून काढायचा नाही! काढलास की कबुली झाली. नुसतं म्हणायचं, जिथं होतं तिथं कुणाला त्रास नव्हता. आणि मग एकदम नरम व्हायचं. म्हणायचं, हुकूम होताच हटलो, यापुढंही हुकूम होईल तिथं जाईन. हाकीम विरघळतो बघ! माझ्या डोळ्यांसमोर किती विरघळलेत!"

रविवारभर स्वयंपाकघरात तालीम चालली. कमलला पाटावर बसवून हाकीम केलं. मी उभा, मामा मागून चुका काढताहेत. कमल पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आपको क्या उज्र है?" आणि मी घडाघडा म्हणायचो. शेवटी हाकीम कंटाळला आणि म्हणाला, "आता पोळी खा आणि फाशी जा."

सोमवारी रजा टाकून कचेरीत गेलो. मामांनी सांगितलं होतं, मोठ्या जिन्याच्या उजव्या हाताला शेवटची खोली. पण तिथं सगळा गोंधळ. जुन्या पाट्यांवर चुना फासलेला, नव्या लागायच्या होत्या. वऱ्हांड्यात गठ्ठेच गठ्ठे. शेवटच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर चपराशी.

"यहाँ पेशी है?" मी विचारलं.

"उज्रवाले हो?"

उज्र! शब्द ऐकताच मला मामांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. "हाँ हाँ, उज्रवाला!"

"तो भीतर जाओ."

आत मोठ्या टेबलामागं एक दमलेले साहेब बसले होते, बाजूला लिहायला कारकून. मी चालान पुढं केलं. साहेबांनी हातानंच अडवलं. "कागज रहने दीजिए. कागज देख देखकर आँखें फूट गईं. जबानी कहिए. नाम? महकमा?"

सांगितलं.

"आपको क्या उज्र है?"

अगदी कमलसारखं! माझी गाडी आपोआप सुटली. "हुजूर, जहाँ था, वहाँ किसी को तकलीफ नहीं थी. किसी का रास्ता नहीं रोका था."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "सुबह से सब यही कह रहे हैं. यहाँ से हटना कोई नहीं चाहता."

साहेब चिडले वाटतं! मामांचा नरम भाग मी घाईघाईनं बाहेर काढला. "नहीं हुजूर! मैं तो हुक्म होते ही हट गया. आगे भी जहाँ हुक्म होगा, वहाँ चला जाऊँगा!"

साहेबांनी चष्मा काढला. कारकुनानं मान वर केली.

"जहाँ हुक्म होगा?"

"जी हुजूर."

"घरवाली को एतराज नहीं?"

आता यात घरवाली कुठून आली? पण कोर्ट आहे, विचारणारच. मी म्हणालो, "बिलकुल नहीं हुजूर! वो तो पहले दिन से कह रही है, चुपचाप कबूल कर लो."

"वाह!" साहेब कारकुनाला म्हणाले, "देखा? ऐसी औरतें भी हैं." मग मला, "कब तक हट सकते हैं?"

"आज ही! अभी!"

"अरे नहीं, इतनी जल्दी नहीं. अगले महीने तक का वक्त लीजिए."

एक सायकल हटवायला पुढचा महिना! मनात म्हटलं, काय दयाळू कोर्ट आहे! नवं राज्य येतंय ते बरंच येतंय.

आणि मग साहेब चक्क उठले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "नए प्रदेश को आप जैसे लोग चाहिए." तुम्ही सांगा, चालान झालेल्या माणसाशी कुठल्या हाकिमानं कधी हात मिळवलाय? मी तरंगतच बाहेर आलो. दाल बाजारातून गरम इमरती घेतली. मामांना दोन्ही हातांनी भरवली. मामा म्हणाले, "सांगितलं नव्हतं? विरघळतो!"

त्या रात्री मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या खात्यात शिरलो तर सगळे माझ्याकडे बघताहेत. आमचे हेडक्लार्क जोगळेकर जागेवरून उठून आले, माझ्या पाठीवर थाप मारली. "कमाल केलीस बाबा! इथं माणसं डॉक्टरची सर्टिफिकेटं आणताहेत, रडताहेत, आणि तू आपणहून भोपाळला निघालास? बायकोची रजामंदीसुद्धा दिलीस म्हणे!"

"भोपाळ?" माझा आवाज माझाच मला ऐकू येईना. "जोगळेकर, ते... ते तर चालानचं कोर्ट होतं ना?"

"कोर्ट? अरे, कोर्ट गेलं पलीकडच्या इमारतीत! त्या खोलीत आता बदल्यांचे उज्र ऐकतात!"

मला घेरीच आली. आणि घेरीतच दुसरा विचार विजेसारखा आला. म्हणजे खऱ्या कोर्टात मी गैरहजर राहिलो! आता वॉरंट! आता बेड्या! इकडून भोपाळ, तिकडून तुरुंग!

धावत पलीकडच्या इमारतीत गेलो. तिथला कारकून शांतपणे पान लावत होता. मी धापा टाकत चालान त्याच्यापुढं धरलं. "कल नहीं आ सका! माफ कीजिए! वॉरंट निकल गया क्या?"

त्यानं चालान पाहिलं. "टोपी बाजारवाला? वो सब कल खारिज हो गए. सिपाही ही नहीं आया. उसकी भी बदली हो गई."

ऐकलंत? खारिज! मी घरी लोळत पडलो असतो तरी सुटलो असतो! दाढीसुद्धा करायची गरज नव्हती!

तसाच उलटा पळालो, जिन्याच्या उजव्या हाताच्या त्या खोलीत. साहेबांनी मला ओळखलं, हसले. "आइए आइए! कहिए?"

"हुजूर," मी हात जोडले, डोळ्यांत पाणी, "मुझे उज्र है! सचमुच का उज्र है! मैं कल साइकिल के बारे में बोल रहा था!"

साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं. त्यांना वाटलं असणार, बायकोनं घरी फैलावर घेतलंय याला. मग अगदी मायेनं म्हणाले, "भाई, उज्र की आखिरी तारीख कल थी."

कमलला हे कसं सांगितलं, ते विचारू नका. पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज मला अजून येतो. "मला हरकत नाही म्हणून सांगितलंत? मला? नव्या राज्याच्या साहेबाला?" मामा तर महिनाभर आमच्या गल्लीतच फिरकले नाहीत. दुसऱ्यांकडून निरोप पाठवला, 'पोरानं उज्र चांगलाच केला, खोली चुकली.'

आणि मग आलाच तो दिवस. स्टेशनवर गाडी लागलेली. भोपाळला निघालेले बाकीचे सगळे लटकलेल्या चेहऱ्यानं उभे, आणि एकटा मी 'खुशीनं' चाललेला! माझी ट्रंक, माझी वळकटी, आणि कमल निरोपाला. शाळेला सुट्टी लागली की येईन म्हणाली होती, पण तोंडावर हसू नव्हतं. मला गलबलून आलं. गाडीनं शिटी दिली. मी खिडकीतून तिचा हात धरला आणि म्हणालो, "कमल, काही सांगायचंय का?"

ती वाकली, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "तिथं सायकल कुठंही उभी करा. फक्त शिपायानं धरलं, तर तोंड उघडू नका."