चिरण्याआधीची हाक

जगबुडी नदीत बुडालेल्या माझ्या काकांचं पोस्टमॉर्टेम करायला रत्नागिरीहून डॉक्टर आले होते. ठेंगणे, हसतमुख, शर्टाच्या खिशाला पानाचा डाग. आत जाताना त्यांनी मला विचारलं, "ह्यांना घरी काय म्हणत?"

"अण्णा."

दार अर्धं उघडंच राहिलं. हातमोजे चढवून ते काकांच्या कानाशी वाकले आणि झोपलेल्याला उठवावं तशी तीनदा हाक मारली. "अण्णा, ओ अण्णा, उठताय ना?" मग घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबले. मीही वेड्यासारखा कान देऊन उभा होतो. नळ तेवढा ठिबकत होता.

काम आटोपून ते हात धुवायला बाहेर आले तेव्हा मला राहवलं नाही. "डॉक्टर, कधी कुणी ओ दिलीय?"

"एकदा," साबण चोळत ते म्हणाले. "तेव्हा मी हाक मारत नसे हो. सरळ सुरी लावायचो."