अँटेन्याखालची चिनी माती

जीप मी कुम्हारीच्या एका भंगारवाल्याकडून आणली, रिटायर झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात. फौजेतून बाद झालेली, चाकं नाहीत, मागच्या सीटच्या जागी कुत्री व्यालेली. बायको म्हणाली, "सारी जिंदगी लोखंडात काढली, आता घरीबी लोखंडच आणून राहिले का?" बरोबरच होतं तिचं. पण रोलिंग मिलमधून सुटलेल्या माणसाने सकाळी दहा वाजता करायचं काय, हे कोणी शिकवत नाही. रुआबांध्याच्या घरामागे टिनाचं शेड टाकलं आणि दीड वर्ष मी त्या जीपच्या मागे लागलो.

बाबा शेडकडे फिरकत नसत. ते फौजेत वायरलेस ऑपरेटर होते. तरुणपण अशाच एका जीपच्या मागच्या सीटवर, कानाला हेडफोन लावून गेलेलं. तिथून सुटल्यावर स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले आणि भंडाऱ्याकडचं आमचं बिऱ्हाड सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आलं. फौजेच्या दोनच गोष्टी त्यांनी घरात आणल्या. एक म्हणजे 'फाइव्ह बाय फाइव्ह', आवाज साफ आणि जोर पुरेपूर. भाजी जमली की आईला तेवढंच सांगायचे. मीठ जास्त झालं तर 'टू बाय फाइव्ह'. मला त्यांनी आयुष्यात कधी फाइव्ह बाय फाइव्ह दिलं नाही, मॅट्रिकला फर्स्ट क्लास आणला तेव्हाही नाही.

दुसरी गोष्ट लॉग. लॉग म्हणजे वही, तीन रकान्यांची: वेळ, काय ऐकलं, कोणाला कळवलं. ऑपरेटरने काही ऐकू आलं नाही तरी 'काही नाही' असं लिहायचं असतं. घरी आल्यावरही ते लिहीत राहिले. लाइट गेली, नळ आला नाही, कोणाचा फोन आला, सगळं वहीत. आई गेली त्या पहाटेची नोंद आहे: 'चार दहा. श्वास थांबला. मुलाला कळवले.' ती वाचून मी भडकलो होतो. बायको मेली आणि माणूस रकाने भरतो! बाबा शांतपणे म्हणाले, "माणूस खोटं बोलंन रे. लॉग नाही बोलत."

जीपला रंग चढला, इंजिन बोलू लागलं, तेव्हा मी बाजारातून एक चकचकीत अँटेना आणून बॉनेटशेजारी ठोकला. दिसायला बरा. बाबा काठी टेकत पहिल्यांदा शेडमध्ये आले. एका डोळ्यात काचबिंदू, दुसऱ्यात मोतीबिंदू, तरी हात फिरवून त्यांना कळलं.

"हे मोटारीची मूंछ कावून लावली रे जीपले?"

"कोण पाहते, बाबा? शोभेचीच तर आहे."

"मी पाहून राहिलो ना."

मग त्यांनी जागा दाखवली. मागचा डावा कोपरा. तिथे चार बोल्टांचं ब्रॅकेट, वेल्डिंग नाही. ब्रॅकेटवर चिनी मातीचा बेस आणि त्याच्यात चार तुकड्यांचा दांडा. "दांडा बॉडीले टेकला नाही पायजे. मधात चिनी माती कायले असते? टेकला का सारं जमिनीत जाते, कानात काही येत नाही." मग म्हणाले, "लाव बरोबर. सेटबी पाहा. मले जायच्या आधी एकडाव ऐकायचं आहे त्याच्यावर."

बाबांनी माझ्याकडे काही मागितलं ते एवढंच. त्यांची किडनी तेव्हा जवळजवळ कामातून गेली होती आणि डॉक्टरने मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं.

आठ महिने शोधलं. नागपूर झालं, रायपूर झालं. शेवटी जबलपूरला फौजेचा जुना माल विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे वायरलेस सेट मिळाला, दांडा मिळाला आणि बेस मिळाला. लोणच्याच्या बरणीसारखा तपकिरी, झिलई अजून तशीच. तो मी मांडीवर घेऊन आलो, लेकरू आणावं तसा. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला, नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि परत दिला. "हाच. हातानंच आवळजो. पाइप नको लावू."

मी पाइप लावला.

आता हे मिलच्या बाहेरच्या माणसाला कसं सांगावं? आमच्याकडे नट हाताने आवळला तर तो आवळलाच नाही असं धरतात. पान्याच्या दांडीला हातभर पाइप चढवायचा आणि वरून लोंबकळायचं, तेव्हा तो बसला. पस्तीस वर्षांची ती सवय. बाबांनी सांगितलेलं कानात होतं आणि हात आपला पाइप शोधत होता. अर्धा फेरा. टक्क. झिलईवरून बारीक रेघ गेली आणि बेसचे तीन तुकडे माझ्या पायाशी पडले.

मी तिथेच खाली बसलो. स्वतःला दिल्या त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

घरात जाऊन सांगायला हवं होतं. वीस पावलं होती. पण चूक कबूल करणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही, आणि त्यांनी पाइपचं नाव घेऊन बजावलेलं. शिवाय दिवस थोडे होते. मी तुकडे पोत्यात घातले, ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो आणि हुबेहूब तसाच बेस लोखंडात कातून घेतला. तपकिरी इनॅमल मारलं, वर वार्निश. काम असं झालं की लेथवालाच म्हणाला, "गुरुजी, असली लग रहा है." चिनी माती कशाला असते हे मला नुकतंच सांगितलेलं होतं. मी मनाला समजावलं, सेट इतका जुना आहे, तो थोडीच चालणार आहे? बोलला नाही तर दोष सेटवर जाईल.

ज्या संध्याकाळी बाबांना जीपमध्ये बसवलं, त्यांचे पाय सुजलेले होते. आम्ही दोघांनी, मी आणि बायकोने, उचलून मागच्या सीटवर ठेवलं. सहा वाजता बरोबर. सेट चालू केला, व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर वेळ गेला. बाबांनी हात लांब करून बेस चाचपला. नखाने टिचकी मारली. मग हेडफोन चढवले, बटण हळूहळू फिरवत राहिले, मान थोडी कलती, मी लहानपणापासून पाहिलेली तशी.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक कान मोकळा केला.

"येऊन राहिलं का, बाबा?"

"येऊन राहिलं. फाइव्ह बाय फाइव्ह."

मी साठीचा माणूस, शेडच्या मागे जाऊन रडलो. खरं सांगतो, त्या रडण्यात थोडा माजही होता. पाहा, म्हणालो, चिनी मातीचं एवढं स्तोम, आणि लोखंडावरसुद्धा येतंय की.

त्यानंतर रोज सहाला त्यांना बसवायचं. अर्धा तास ऐकायचे, मग हाक मारायचे. मी विचारायचो, ते तेच सांगायचे. अकरा दिवस. बाराव्या दिवशी उठवत नव्हतं, आणि तेराव्याला ते गेले. पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येकाला मी शेडमध्ये नेऊन अँटेना दाखवला. बाबांची शेवटची इच्छा पुरी केली म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटू दिली.

वही सापडली पावसाळ्यानंतर. बॅटरी काढायला सीट उचलली, तर खाली सेटच्या कॅनव्हास पिशवीत होती. अक्षर वाकडंतिकडं, ओळीवर ओळ चढलेली, दिसत नसताना लिहिलेलं. तीन रकाने. पहिल्या दिवसाची नोंद:

'सहा. काही नाही. बेस लोखंडी आहे, बॉडीला अर्थिंग. काम सफाईदार. मुलाला कळवले: फाइव्ह बाय फाइव्ह.'

दुसऱ्या दिवशी: 'सहा. काही नाही. मुलाला कळवले: फाइव्ह बाय फाइव्ह.' तिसऱ्या दिवशी तेच. अकराच्या अकरा दिवस तेच. मी खोटं बोललो ते लपवलं. बाबा खोटं बोलले ते त्यांनी लॉगमध्ये टिपून ठेवलं.

मी जबलपूरला फोन लावला. आणखी एखादा बेस मिळेल का, असं विचारायला तोंड उघडलं आणि सगळंच सांगून बसलो. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दूसरा तो मेरे पास तब भी रखा था, भैया. एक फोन कर देते."

एक फोन.

बेस कुरिअरने आला. हाताने आवळला, दोन बोटांनी, बाबांनी सांगितलं होतं तसा. माझी एकच आशा होती, आणि ती लिहायला लाज वाटते: सेट मेलेला निघावा. सेट मेलेला असला तर माझा गुन्हा अर्धा झाला असता. बेस कोणताही असता तरी बाबांना काही ऐकू आलं नसतं.

काल सहा वाजता मागच्या सीटवर बसलो. व्हॉल्व्ह तापले. बटण फिरवलं तशी आधी खरखर आली, मग शिट्टी, आणि मग कुठल्यातरी दूरच्या देशातली बाई बातम्या वाचू लागली. भाषा कळत नव्हती, पण शब्द न् शब्द वेगळा ऐकू येत होता. एकदा ती वाचता वाचता खोकली आणि माफी मागितल्यासारखं काहीतरी बोलली, तेसुद्धा मला ऐकू आलं.

मी बाबांची वही काढली आणि त्यांच्या अकराव्या ओळीखाली लिहिलं: सहा. स्टेशन आले. फाइव्ह बाय फाइव्ह.

तिसरा रकाना कोराच आहे.