डोशाचा धूर आणि पायथन

उभी हयात सरकारी कचेरीत कारकुनी केली, पण तिथले किस्से सांगायला बसलो की घरातले एकेक करून उठतात. लेकीच्या ऑफिसचे सांगू लागलो की मात्र तेच लोक खुर्च्या पुढे ओढतात! आणि ते गोळा करायला मला कुठे जावंही लागत नाही. ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर भरतं.

तसं त्यांचं खरं ऑफिस बंगलोरच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला आहे. पण आमच्या जयनगरहून तिथं पोचेपर्यंत परतायची वेळ होते. म्हणून मालक मूर्तीसर, आमची केतकी आणि नागपूरचा निखिल असे तिघे बहुतेक दिवस आमच्याकडेच असतात. कंपनी एवढीच. जागेचं भाडं नाही, कॉफी फुकट. मूर्तीसर धंद्यात उगाच पडलेले नाहीत.

सध्याचं काम आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलचं. मालकांना सगळे अण्णाच म्हणतात. तव्यावरचा धूर माडीवर बसलेल्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत जातो, तेव्हा पंखा कुठे बसवावा, हा त्यांचा प्रश्न. या मंडळींनी भटारखान्यात आणि मागच्या कोठीत जागोजागी सेन्सर लावले. ते दर मिनिटाला धूर आणि उष्णता मोजून एक फाइल तयार करतात. एक सॉफ्टवेअर त्या फाइलीचं रंगीत चित्र काढतं. पण इतक्या फाइली हाताने कोण उघडणार? म्हणून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायची. ती एकेक फाइल सॉफ्टवेअरपुढे ठेवत जाते आणि चित्र हलू लागतं. आमच्या कचेरीत हे काम शिपाई करायचा, पण तो मधेच चहाला जायचा.

स्क्रिप्ट लिहायची होती निखिलला, आणि निखिल होता प्रोबेशनवर. मूर्तीसरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "अण्णांना डेमो पटला तर तू पर्मनंट. नाही पटला तर नागपूर!"

*

नागपुरात निखिलच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलाने गल्ल्यावर बसावं म्हणून ते अधूनमधून फोन करतात. स्पीकरवर, त्यामुळे आम्हालाही लाभ होतो.

"काय करून राहिला?"

"काम करून राहिलो, बाबा. धूर कुठून कुठे जातो ते पाहून राहिलो."

पलीकडून आवाज आला, "धूरच पाहाचा होता तं बंगलोरले कायले गेला?"

*

पहिली स्क्रिप्ट तयार झाली तेव्हा निखिलने आम्हा सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर तव्यावरून धूर उठला, छताला लागला, आणि एकदम खाली येऊन पुन्हा तव्यात शिरला! परत उठला, परत शिरला.

मूर्तीसर चष्मा पुसत म्हणाले, "निखिल, ये क्या है? भूत?"

केतकीने डोकं घातलं आणि घोटाळा सापडला. स्क्रिप्टने फाइली अक्षरांच्या क्रमाने लावल्या होत्या. एक नंबरनंतर दहा, अकरा, बारा, आणि ते सगळे संपल्यावर दोन! काळ पुढे जायचा, मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा.

आमची ही तोवर ओट्यापाशी उभी राहून पडदा बघत होती. म्हणाली, "राहू दे की रे, निखिल. करपलेला डोसा परत कच्चा होत असेल तर अण्णा जास्त पैसे देतील!"

*

मग सरांनी सकाळभराच्या धुराची सरासरी मागितली. निखिलने ती अर्ध्या तासात दिली. चित्र अगदी स्थिर, कुठे हालचाल नाही. मूर्तीसर खूष. "व्हेरी स्टेबल!" असं दोनदा म्हणाले आणि त्या भरात कॉफीही दोनदा प्यायले.

केतकीला मात्र हे सुख बघवेना. तिने तपासलं, तर निखिल सॉफ्टवेअरला 'आता पुढच्या मिनिटावर चल' हे सांगायलाच विसरला होता. त्या बिचाऱ्याने पहिलंच मिनिट पुन्हा पुन्हा घेतलं आणि त्याची त्याच्याशीच सरासरी काढून दिली.

"काका, पण बेरीज भागाकार बरोबर आहे न!" निखिल माझ्याकडे वळून म्हणाला.

मी म्हटलं, "असणारच. आमचे हेडक्लार्कही बैठकीला एकटेच बसायचे. ठराव नेहमी एकमताने मंजूर!"

*

त्यानंतर रंगांचा घोळ झाला. सकाळची गर्दी ओसरली की अण्णांकडे शेगड्या बंद करून भटारखाना धुतात. आमच्या चित्रात मात्र तेव्हाही लालभडक!

"धुताहेत की पेटवताहेत?" मूर्तीसरांनी विचारलं.

कारण असं निघालं, की सॉफ्टवेअर दर मिनिटाला रंगांची पट्टी नव्याने ठरवत होतं. त्या मिनिटात जे त्यातल्या त्यात गरम, ते लाल. मग ती थंड पडत आलेली शेगडी का असेना.

मला यात काहीच नवल वाटलं नाही. आमच्याकडे दर वर्षी एकाला 'उत्कृष्ट' असा शेरा द्यावाच लागे. सगळेच डुलक्या घेत असल्यामुळे तो कमी घोरणाऱ्याला मिळायचा.

निखिलने सगळ्या मिनिटांना एकच पट्टी लावली. भटारखाना निळा झाला आणि त्याचा चेहरा हिरमुसला. मला हळूच म्हणाला, "काका, बाबांनी गल्ल्यावरची खुर्ची पुसून ठेवली म्हणते."

*

डेमो अण्णांच्या हॉटेलातच होता. बाहेर भली मोठी पाटी, 'शुद्ध शाकाहारी', तीन भाषांत, आणि शेजारी हिरवा ठिपका. रोजचं गिऱ्हाईक म्हणून मीही कॉफी घेऊन शेजारी बसलो.

आजवर सगळे प्रयोग सकाळच्या फाइलींवर झाले होते. पूर्ण दिवस त्या दिवशी पहिल्यांदाच चालणार होता. धूर उठला, जिन्याकडे वळला, माडीवर गेला. पंखा कुठे हवा ते माझ्यासारख्यालाही कळलं. अण्णा मान डोलावू लागले. पडद्यावर दुपार झाली, भटारखाना बंद झाला, सगळं निळं झालं. आणि मागच्या कोठीत, एका कोपऱ्यात, टचकन एक लाल ठिपका उमटला!

अण्णा पुढे झुकले. "तिथं शेगडी नाही. तिथं फक्त तांदळाची पोती."

मूर्तीसर निखिलकडे वळले. "ऑर्डर चेक केली? टाइम? कलर?"

"सगळं चेक केलं, सर."

"सॉरी अण्णा," सर घाईने म्हणाले, "सॉफ्टवेअरची चूक आहे. तो ठिपका आम्ही काढून टाकतो."

निखिलच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, गेला हा नागपूरला. पण त्याने बाकीच्या दिवसांच्या दुपारच्या फाइली भराभर उघडून पाहिल्या आणि तो उठून उभा राहिला. "नाही, सर. चूक नाही. रोज दुपारी याच वेळेला तिथं काहीतरी पेटते."

केतकीने डोळे मिटून घेतले.

अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. बरोबर तीच वेळ होती. ते उठले आणि मागच्या दाराने कोठीत गेले. आतून मुख्य आचाऱ्याचा घाबरलेला आवाज आला. कॉफी गार झाली तरी अण्णा येईनात.

शेवटी आले. पंच्याने हात पुसत, काहीतरी चघळत. ते शेजारी बसले तसा तळलेल्या बांगड्याचा खमंग वास आला.

"हा मुलगा पर्मनंट आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आजपासून," मूर्तीसर म्हणाले.

"सरी, ठीक आहे." अण्णांनी दातात अडकलेला काटा अलगद काढला. "मग त्याला सांगा, तो लाल ठिपका तेवढा स्वल्प हिरवा कर!"