कोपऱ्यातल्या खोलीचा रेडिएटर

तबूकच्या थंडीबद्दल रत्नागिरीत सांगितलं तर लोक हसतात. सौदीत आणि थंडी? पण जानेवारीत इथे सकाळच्या पाण्यात हात घालवत नाही. म्हणून माझ्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे त्या मालकाच्या, दुमजली घरात डिझेलचा बॉयलर आहे आणि खोलीखोलीत भिंतीला लोखंडी रेडिएटर. बॉयलरचं गरम पाणी त्यांतून फिरतं आणि खोल्या ऊबदार होतात. व्हायला पाहिजेत.

मी या घरचा दुरुस्तीवाला. पहिल्या हिवाळ्यात कफीलच्या वडिलांची कोपऱ्यातली खोली गारठलेली असायची. दोन प्लंबर रेडिएटरमधली हवा काढून गेले, फरक शून्य. माझ्या लक्षात आलं, की बॉयलरजवळचे रेडिएटरच सगळं गरम पाणी ओढून घेतात, शेवटच्याला काही उरतच नाही. जवळच्यांचे व्हॉल्व्ह मी थोडे थोडे आवळले. कुठला किती आटे, ते डोक्यात ठेवलं. संध्याकाळी म्हाताऱ्याने अंगावरची रजई काढली.

कफीलने विचारलं, कसं केलंस? मी म्हणालो, "हाताचा अंदाज आहे. कुणालाही जमत नाही."

माझा बाप तांडेल. मासा कुठे लागला हे त्याने शेजारच्या होडीला कधी सांगितलं नाही. मीही तीन हिवाळे एक आकडा कागदावर लिहिला नाही. फार शहाणा समजत होतो स्वतःला.

यंदा जानेवारीत मुलीचा निकाह ठरला. माझा व्हिसा घरकामाचा, देशाबाहेर जायची परवानगी कफीलच्या मोबाइलवरून निघते. त्याने कहवा ओतला, मुबारक म्हणाला, आणि मग म्हणाला, "थंडी सरली की जा. वडिलांची खोली तुझ्याशिवाय कोण तापवणार?" माणूस वाईट नाही. वाईट असता तर मनातल्या मनात शिव्या तरी घातल्या असत्या.

धावाधाव करून ओळखीचा पाकिस्तानी प्लंबर आणला आणि कफीलसमोर सगळे आटे त्याला लिहून दिले. तो म्हणाला, "बस, इतना ही?" मी म्हटलं, इतकंच. कफील हसला. "इतकं सोपं होतं, तर तीन वर्षं अवघड का सांगितलंस? मुलीसाठी खोटं बोलतोयस." आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो, आणि तेच खोटं ठरलं. स्वतःचीच इतकी चीड कधी आली नव्हती.

मुलगी रोज फोनवर विचारायची, "अब्बा, तुम्ही येताव ना?" शेवटच्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं.

निकाहाच्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याची खोली पुन्हा गार पडली. रेडिएटरपाशी गुडघे टेकून चावी लावत होतो, तेवढ्यात गावाहून फोन आला. काझीसाहेबांनी विचारलं, तुम्ही हजर नाही, तर मुलीचा वली, म्हणजे पालक, म्हणून तुमच्या जागी कोण बसणार? मी धाकट्या भावाचं नाव घेतलं. ते बरं म्हणाले. मिनिटभरात काम झालं. तिकडे कुणीच म्हणालं नाही, की तुझ्याशिवाय जमणार नाही.