देवाचा उजवा हात

सिंगापूरमधला शेवटचा दिवस नितीनने, माझ्या मुलाने, खरेदीसाठी राखून ठेवला होता. मी म्हटलं, संग्रहालय. सांगलीत उभा जन्म शिक्के कोरण्यात गेला; इराकमधले चार हजार वर्षांपूर्वीचे दगडी शिक्के इथे प्रदर्शनात आलेले असताना ते न बघता परतलो असतो, तर मला स्वतःचीच लाज वाटली असती.

मरीन परेडहून, नितीनच्या घरून, बसने निघालो. वाटेत हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांचा मोठा मांडव) काया टोस्ट (नारळ-अंड्याचं गोड सारण लावलेला पाव) खाल्ला. मला आवडला, पण नितीनला ते खरं वाटेना.

शिक्के करंगळीच्या पेराएवढे. गोल दगडावर चित्र उलटं कोरायचं आणि तो ओल्या मातीवर लाटण्यासारखा फिरवायचा, की सुलटा ठसा उठतो. एकावर आसनावर बसलेला देव होता आणि एक देवी भक्ताचा हात धरून त्याला देवापुढे आणत होती. देव-देवी दोघांच्या मुकुटांना शिंगं होती; तीच देवपणाची खूण, असं पाटीवर लिहिलं होतं. शेजारच्या, त्याच शिक्क्याच्या भल्यामोठ्या फोटोत देवाने पेला डाव्या हाताने पुढे केला होता.

मी तिथेच अडलो. "फोटो दगडाचा काढलाय, ठशाचा नाही. सगळं उलटं दिसतंय."

"बाबा, त्यांच्यात डावं-उजवं पाळत नसतील," नितीन हळूच म्हणाला. लोक बघत होते, तो अवघडला होता. मला रागच आला. ज्याने एवढ्याशा दगडात देवीच्या झग्याच्या चुण्या कोरल्या, तो हातात चुकेल? दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचं खापर त्याच्या माथी फुटत होतं.

मुलांना खेळायला माती आणि याच शिक्क्यांच्या प्रतिकृती ठेवल्या होत्या, तिथल्या चिनी बाईंना सांगितलं. फोटो तज्ज्ञांनी बघितलाय, म्हणाल्या. मी हललो नाही. शेवटी नितीनच पुढे झाला.

"माझे वडील शिक्के कोरतात. एकदा त्यांना करून दाखवू द्या."

"कॅन, लाह (चालेल की)," बाई म्हणाल्या.

पहिल्यांदा जोर जास्त झाला, माती फाटली. दुसऱ्यांदा शिक्का हलक्या हाताने फिरवला. ठशातल्या देवाच्या उजव्या हातात पेला होता. बाईंनी तो ठसा फोटोशेजारी धरला, दोनदा पाहिला आणि वहीत लिहून घेतलं.

सांगलीला परतल्यावर दर रविवारी नितीनचा सिंगापूरहून कॉलिंग कार्डवरून फोन यायचा. मी आधी फोटोचं विचारायचो. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, मुद्दाम जाऊन आलो, फोटो बदललाय. मला इतका आनंद झाला की समोरच्या पानवाल्याला जाऊन सांगितलं. त्याला काही कळलं नाही.

त्या कारागिराचं नाव कुणालाच माहीत नाही. पण आता तिथे जो उभा राहील, त्याला ते काम कारागिराने केलं तसं दिसेल.