टिंब कुठे गेलं?

दाजी गेल्याची बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली ती दोनच शब्दांत. माझा भाचा सचिन यानं लिहिलं, 'पप्पा गेले.' त्यावर परतूरच्या मावशीनं लगेच विचारलं, 'कुठं गेले?' एका चुलतभावानं अंगठा टाकला. आणखी कुणी तरी 'शुभ प्रवास' लिहून फुलं पाठवली... मी अंकुशनगरला माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पिठाच्या बोटांनी फोन धरून हे सगळं वाचत होते, आणि खरं सांगते, मला रडू आलं नाही. डोक्यात आलं ते एवढंच, की आता खाली दाजी लिहितील, 'वाक्य अपूर्ण आहे. कुठे गेले, ते स्पष्ट करा.' बराच वेळ तसं काही आलं नाही, तेव्हा मला पटलं की माणूस खरंच गेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, निर्मलाअक्काचे यजमान. जालन्यात मस्तगडला घर, हायस्कूलात मराठीचे शिक्षक. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. या पुरवणीतले असे लेख मी नेमानं वाचते. त्यातले सगळे गेलेले लोक प्रेमळ असतात, सगळ्यांना माणसं जोडायची आवड असते. मला तसलं लिहिता येणार नाही. दाजी मला आवडत नव्हते. आजही आवडत नाहीत, आणि ते का, हेच मला सांगायचं आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांना वर्ग उरला नाही, म्हणून त्यांनी आम्हालाच वर्गात बसवलं. सकाळी कुणी 'जयभिम' लिहिलं की खाली चांदणी काढून '*जयभीम'. कुणी 'आशिर्वाद' दिला की '*आशीर्वाद'. एका भाचीनं 'महिला दीनाच्या शुभेच्छा' पाठवल्या तर तिला दीन म्हणजे बापुडवाणा, हे अख्ख्या गोतावळ्यासमोर ऐकून घ्यावं लागलं. फोन आपल्या मनानं शब्द बदलतो, ही सबब त्यांच्याकडे चालत नसे. "फोन यंत्र आहे. पाठवण्याआधी वाचायला डोळे दिलेत ना?" असं म्हणायचे. त्या चांदणीचा मला इतका तिटकारा बसला होता, की ग्रुपवर काही लिहायचं म्हटलं की मी आधी नवऱ्याकडून तपासून घ्यायची.

अक्का सातवीपर्यंत शिकली. सचिन पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्यानं तिला फोन घेऊन दिला आणि बोटानं लिहायला शिकवलं. मग काय विचारता! आज नळ आला, आज मेथी स्वस्त मिळाली, शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली... दिवसभर तिचं चालू असायचं. अक्का बोलते तशीच लिहायची. वाचताना मला तिचा आवाज ऐकू यायचा, आणि लग्नानंतर इतकी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तिनं ग्रुपवर मला लिहिलं की शोभा, तू पिवळी साडी नेसून ये. फोननं तेवढी एक मात्रा खाल्ली आणि सगळ्यांना गेलं, 'शोभा तू पिवळी साडी नसून ये.' दाजी तेव्हा तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. तोंडानं सांगितलं असतं तर तिनं लगेच नीट केलं असतं. पण त्यांनी ग्रुपवर लिहिलं, '*नेसून. साडी नसून कशी येईल ती?' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. साखरपुड्यात माझे दीर, नणंदांचे नवरे, एकेक जण येऊन विचारत होता, "वहिनी, नेसून आल्या ना?" मी हसण्यावारी नेलं. अक्कानं पंगतीत वाढताना मान वर केली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. आमची आई दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट. अक्का तिच्या उशाशी होती, आम्ही सगळे लांब, जीव टांगणीला. अक्कानं लिहिलं, 'आई आता बरी हाये. कुनी चिता करु नका.' आम्हाला सगळ्यांना कळलं. लहान पोरालाही कळलं असतं. दाजींनी खाली लिहिलं, '*चिंता. टिंब कुठे गेलं? चिता म्हणजे सरण.' आणि दुसऱ्या दिवशी आई गेली... मयतीला जमलेल्या बायकांत आमची एक चुलतभावजय मोठ्यानं म्हणाली, "निर्मलानं आधीच लिहिलं होतं की." अक्का पांढरीफटक पडली. दाजी दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ते ऐकलं, मी त्यांना ऐकताना पाहिलं. जन्मभर कुणाची वेलांटी न सोडणारा हा माणूस त्या बाईला एका शब्दानं बोलला नाही.

त्या दिवसापासून अक्कानं लिहिणं सोडलं. फार तर अंगठा, नाही तर जोडलेले हात. मी फोन करून विचारलं तर म्हणाली, "चुकतंय माझं. मंग कशाला लिहू?"

मी तडक जालन्याला गेले. पदर खोचूनच गेले म्हणा. दाजी पेपर वाचत होते. मी म्हणाले, "दाजी, आई तिकडं जाऊन राह्यल्ती अन् तुम्ही टिंब मोजत बसले?"

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. चिडले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, "शोभा, कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी मी 'पानी' मागितलं. त्यानंतर मला कुणी नावानं हाक मारली नाही. आला पानी, गेला पानी. शिक्षकसुद्धा हसायचे. आपल्या माणसांना पुन्हा कुणी हसू नये, एवढंच मला वाटतं."

आमच्या लोकांच्या तोंडातल्या 'न'वर किती जण पोट धरधरून हसलेत, ते मलाही माहीत आहे. पण ज्याला एवढा चटका बसला, त्यानं तीच पळी तापवून बायकोच्या हातावर ठेवायची? मी म्हणाले, "मंग अक्काला हसलं कोण? बाहेरचे न्हाई, आपलेच हसले. तुम्ही हसवलं म्हणून हसले." त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पेपर पुन्हा उचलला. आमचं बोलणं तिथंच संपलं, ते कायमचं.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला तेव्हा सचिननं घाईघाईत निरोप टाकला. गेलेल्याच्या नावानं आमच्यात हा विधी करतात, पण सचिनच्या फोनला तो शब्द ठाऊक नव्हता. सगळ्यांना गेलं, 'रविवारी पप्पांचे पुण्यात अनुमोदन.' परतूरची मावशी मुलाला घेऊन थेट पुण्याला पोचली आणि तिथून फोन करून विचारू लागली, "सचिन, घर कोन्या गल्लीत हाय रे तुझं?" इकडे जालन्यात भन्ते वंदना घेत होते आणि मागच्या रांगेत लोक तोंडावर रुमाल धरून हसत होते. ग्रुपवर 'भावपुर्ण श्रध्दांजली'चा पाऊस पडला होता, एकही धड नाही. मी एकेक चवीनं वाचली. कुणीच चांदणी काढली नाही आणि मला फार बरं वाटलं.

पाहुणे पांगल्यावर मी अक्काकडे राहिले. तिच्या हातात फोन दिला. "लिही आता. आता कोण चुका काढतंय?" ती नको नको म्हणाली. मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, तिनं लिहिलं आणि पाठवलं. इतक्या वर्षांनी! मला नाचावंसं वाटलं. ती मात्र फोनकडे टक लावून बसली.

"काय बघून राह्यली?" मी विचारलं.

"बराबर हाय का?"

"बराबर हाय."

"बिलकुल?"

"हो गं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलून राह्यली तू. त्यायनं सांगितलं असतं..." आणि कुणी वाचायच्या आत तिनं तो मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसून टाकला. ग्रुपवर फक्त काहीतरी डिलीट केल्याची करडी ओळ उरली. 'काय होतं अक्का?' असं दोघा-तिघांनी विचारलं. तिनं जोडलेले हात पाठवले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस गेला तरी माझ्या बहिणीच्या बोटावरची त्याची पकड सुटेना. पण तिनं लिहिलेलं मी वाचलं होतं. मागच्या आठवड्यात तिला फोन करून विचारलं, "पेपरात देऊ का?"

"दे. पण नीट करून दे."

"नीट करणार न्हाई."

मग म्हणाली, "बरं... दे तसंच."

संपादकांना माझी विनंती आहे. बाकीचा लेख हवा तसा तपासा, माझ्याही चुका असतील. खालच्या ओळीला मात्र हात लावू नका. अक्कानं लिहिलं होतं :

'घर लई शात झालय. कुनीतरी येत जा.'